घडीतला संत

कास्तेलमारो, सोमवार, ७ जून १९९३

एर्सीलिया,

‘प्रिय’ लिहायला घेतलं होतं, पण हात वळेना. म्हणून नुसतं नाव. कागद म्हणजे मे महिन्याच्या कॅलेंडरची पाठ आहे. महिना संपला, पाठ कोरी होती, टाकून कशाला द्यायची? तिकिटाचाही खर्च नको म्हणून पत्र बेकरीत तोनीनाकडे देते. ती तुझ्या पावाच्या पिशवीत तळाशी घालील. पाकिटाच्या आतल्या बाजूला पीठ दिसलं तर तिनं वाचलंय असं समज.

निकाल तुला कळलाच असेल. माझा कोझिमो पहिला, तो वकील बेल्फियोरे दुसरा, आणि तुझा रुजेरो तिसरा. अर्धी मतं कोणालाच नाहीत. महापौर थेट लोकांनी निवडायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे सकाळपासून लोक दारात येऊन विचारतायत, “जिंकला ना कोझिमो? मग पुन्हा कशाला मत द्यायचं?” मी सगळ्यांना सांगते की वीस तारखेला दुसरी फेरी आहे, पहिल्या दोघांतच, आणि पहिली मतं आता धरायची नाहीत. काकू लुचेत्ता म्हणाली, “मतं काय दूध आहेत, दोन आठवड्यांत नासायला?” प्रचाराच्या काळात आमच्याकडे किती जणांनी कॉफी प्यायली ते मी लिहून ठेवलंय. तेवढ्यांनी मत दिलं असतं तर दुसरी फेरी लागलीच नसती.

सरळच विचारते. रुजेरोची माणसं आता कुठे जाणार? त्याच्या एका शब्दावर हे शहर इकडचं तिकडे होईल. सेंट जोसेफच्या सणाला माझ्याच टेबलावर, मी तळलेले झेप्पोले खाऊन, तोंड पुसून तो म्हणाला होता, “मीही उभा राहतोय.” तू मान खाली घालून साखर झटकत बसलीस. तेव्हापासून चर्चमध्येही तू बाक बदललास, पार उजवीकडे खांबाआड गेलीस. मी त्याबद्दल काही बोलले नाही. आताही बोलत नाही, फक्त विचारते.

सोबत एक गठ्ठा देते. छापखान्यातून आलेले सांतीनो आहेत, संताच्या चित्राची छोटी कार्डं. पुढे संत अंतोनी, मागे कोझिमो. मत मागायच्या चिठ्ठीलाही आपण सांतीनोच म्हणतो, म्हणून छापणाऱ्याला वाटलं दोन्ही एकाच कागदावर घ्यावेत. फादर फेदेले चिडले. म्हणाले, “पादुआचा अंतोनी तुमच्या पक्षात कधी आला?” पण आता छापलेत तर फेकवत नाहीत.

पेटीत कागद सोडशील तेव्हा घडीत संताला ठेवायला विसरू नकोस. आपली आई सांगायची आठवतं ना, संताशिवाय कागद म्हणजे तिकीट न लावलेलं पत्र, पोचायचं नाही. खालच्या आळीतल्या काकूंनाही सांग, त्या तुझं ऐकतात.

उत्तर दे. दोन ओळी चालतील.

नुन्झिया


शुक्रवार, ११ जून

एर्सीलिया,

उत्तर आलं नाही. तोनीनाला विचारलं, “पत्र दिलंस ना?”

“दिलं की.”

“काही म्हणाली?”

“म्हणाली, पाव करपलाय.”

आणि आज दुपारी चौकातल्या कॅफेसमोर रुजेरो आणि बेल्फियोरे हातात हात घालून फोटो काढून घेत होते. नगरपालिकेत रीतसर कागदही दिला म्हणे, दोघांच्या याद्या आता एक. ज्या माणसाला रुजेरो मागच्या रविवारपर्यंत कोल्हा म्हणत होता, त्याच्याच खांद्यावर आज हात. बेल्फियोरे जिंकला तर रुजेरो उपमहापौर, हे तर लहान पोरही सांगतंय.

जेवताना कोझिमो ताटाकडे बघत म्हणाला, “हरलो तर मी या गावात राहणार नाही. घर विकू आणि मिलानला साविनोकडे जाऊ.” आमचा मुलगा चांगला आहे, सूनही वाईट नाही, पण चौथ्या मजल्यावर, धुक्यात, जिथे शेजारीण दार उघडत नाही तिथे मी काय करू? अंतोनीची मूर्ती इथे, आईची कबर इथे. तू इथे. बोलत नसलीस तरी इथे.

त्यात तोनीना म्हणते तू रोज संध्याकाळी खालच्या आळीत जातेस. एकेका विधवेच्या घरी. हातात पिशवी, डोक्याला रुमाल. “बेल्फियोरेसाठी पाय झिजवतेय बिचारी,” असं म्हणाली, आणि माझ्याकडे बघत पावावरचं पीठ झटकलं.

खरं असेल तर जा, कर बेल्फियोरेचा प्रचार. मनापासून कर. नवऱ्याची बाजू घ्यावी हे मलाही कळतं. पण त्या काकूंना आपल्या आईनं अन्नाच्या थाळ्या पोचवल्यात, आणि त्याच उंबऱ्यांवर तू आता कोणासाठी उभी राहतेस याचा एकदा विचार कर.

नुन्झिया


सोमवार, १४ जून

एर्सीलिया,

कालचा अंतोनीचा सण कसला. सकाळी अंतोनीचे पाव घेऊन गेले, नेहमीसारखा मागणीचा कागद लिहून, सांतीनो घडीत घालून. पाहते तर मूर्तीच्या पायाशी पेटीच नाही! नुसता संगमरवराचा फिका चौकोन. फादर फेदेलेंना विचारलं तर तणतणले, “सोमवारी उघडली तर आत देवाकडे मागणं कमी आणि उमेदवारांचे चेहरे जास्त! निवडणूक संपेपर्यंत पेटी माझ्या कपाटात. संतालाही जरा सुट्टी मिळू दे.” मी कागद पुन्हा पर्समध्ये ठेवला. जन्मात पहिल्यांदा तेरा तारखेचा कागद घरी परत आणला.

मिरवणुकीत तू माझ्यापासून चार बायका सोडून चालत होतीस. एकदाही बघितलं नाहीस. पिशवी मात्र छातीशी. मिरवणूक चर्चला पोचली, बाकी सगळ्या आत गेल्या आणि तू खाली वळलीस. लपवत नाही, मी मागून आले. तू काकू बेनेदेत्ताच्या घरात शिरलीस आणि दार आतून लागलं. तू गेल्यावर मी वर चढले.

“काय म्हणत होती माझी बहीण?”

“रोझरी म्हटली.”

“रोझरीला दार लावून घेतात?”

“वारा होता.”

“आज पानही हलत नाहीये, काकू.”

“मग माशा होत्या.”

काकूच्या टेबलावर रुमालाखाली काहीतरी चौकोनी झाकलं होतं. मी हात पुढे केला तर त्या नव्वदीच्या बाईनं माझ्या हातावर चापट मारली! “नुन्झी, सांगायचं नाही असं वचन दिलंय मी.” कोणाला वचन? कशाचं? बेल्फियोरेची माणसं घरोघर पास्त्याची पाकिटं वाटतात असं गावात बोलतात. रुमालाखाली पाकीट मावेल इतकी जागा नव्हती, हे मला दिसत होतं. पण दिसलेलं पटेना. रात्रभर त्या रुमालाचा आकार डोळ्यांसमोर होता.

एर्सी, नवऱ्यासाठी मत माग, हरकत नाही. पण त्या बायकांना काही देऊन मत घेऊ नकोस. तुझ्या जिवाला ते पाप लागू देऊ नकोस, एवढंच मी अंतोनीकडे मागणार होते. पेटी नव्हती.

नुन्झिया


शुक्रवार, १८ जून

एर्सीलिया,

आज बेकरीत काय झालं ते मी तुलाच लिहून दाखवते, म्हणजे तुला कळेल की माझ्या बाजूनं कसं दिसलं.

मी म्हणाले, “दमली असशील, रोज इतके जिने चढतेस.”

तू म्हणालीस, “सवय आहे.”

“बेल्फियोरे गाडी देत नाही वाटतं?”

तोनीनानं हातातला चाकू खाली ठेवला. पाव कापणंसुद्धा थांबवलं तिनं, एक शब्द सुटू नये म्हणून. तू पिशवीची गाठ मारलीस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, “नुन्झी, तू सांगितलंस तेच करतेय.”

“मी? मी काय सांगितलं?”

तेवढ्यात औषधवाल्याची बायको आत आली, आणि तू तिच्या बाजूनं सटकलीस.

घरी येईपर्यंत माझ्या लक्षात आलं. अकरा तारखेला मी रागात लिहिलं होतं ना, जा, कर बेल्फियोरेचा प्रचार. तेच तू माझ्या तोंडावर फेकलंस. सगळ्यांसमोर. माझंच वाक्य माझ्याच गळ्यात. तेवढं एक वाक्य तू वाचलंस, बाकी पत्रांत मी जे रडले ते पिशवीत पावाच्या चुऱ्याबरोबर झटकून टाकलंस.

नन्सच्या शाळेत माझ्या वहीवर शाई सांडायची तेव्हा तू स्वतःचं नाव पुढे करायचीस. सिस्टर क्लेमेन्सिया पट्टी घेऊन यायची आणि तू हात पुढे. ती मुलगी कुठे गेली, कळत नाही.

परवा मतदान. मी सकाळीच जाईन. तू मला तिथे दिसलीस तरी मी बघणार नाही.

नुन्झिया


मंगळवार, २२ जून

श्रीमती एर्सीलिया यांस,

हे पत्र तोनीनाकडे दिलेलं नाही. तिकीट लावून पोस्टात टाकतेय, परक्या माणसाला टाकतात तसं.

कोझिमो हरला. एकोणीस मतांनी. एवढ्या मोठ्या शहरात एकोणीस. तुमच्या गल्लीत तेवढी माणसं रोज संध्याकाळी खुर्च्या टाकून बसतात.

कसे हरलो ते मिम्मो न्हाव्यानं सांगितलं. जुन्या शाळेतल्या केंद्रावर तो आमच्यातर्फे मोजणीला बसला होता. खालच्या आळीचं केंद्र ते. काल सकाळी स्वयंपाकघरात उभ्यानं सांगत होता, हातात टोपी घेऊन.

“पहिला कागद उघडला तर आतून अंतोनी पडला. केंद्राचे अध्यक्ष हसले. म्हणाले, कुणी म्हातारी असेल. बाद करा. मग दुसरा. मग तिसरा. चौथ्याला कोणी हसलं नाही. शेवटी नुसतं म्हणायचे, ‘पुन्हा अंतोनी’, आणि बाजूला ठेवायचे.”

“पण फुली कुणावर होती?” कोझिमोनं विचारलं.

“तुझ्यावरच रे. सगळ्यांची. तुझ्या चिन्हावर, ऑलिव्हच्या फांदीवर, नीट, मोठी, थरथरत्या हाताची फुली. मी ओरडलो की मत स्पष्ट आहे. अध्यक्ष म्हणाले, कागदात फुलीशिवाय काहीही सापडलं तर ती मतदार ओळखायची खूण झाली. कायदा आहे, संत असो की सैतान.”

बत्तीस कागद. बत्तीस अंतोनी. टेबलावर पत्त्यांच्या डावासारखे मांडून ठेवले होते म्हणे.

आता कळलं मला रुमालाखाली काय होतं. त्या बायका मत कोझिमोलाच देणार, हे तुम्हाला ठाऊक होतं. त्यांना फिरवता येणार नव्हतं. म्हणून मत बाद करायची युक्ती शिकवली. देवाचं नाव घेऊन! तेही मीच पाठवलेल्या गठ्ठ्यातून! काल कॅफेत रुजेरो सगळ्यांना पाजत होता आणि सांगत होता, “माझी बायको गप्प असते, पण डोकं बघा.” लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. तुम्ही तिथे होता. नाही म्हणाला नाहीत.

कोझिमोचा वकील अपील करू म्हणतोय. त्यासाठी काकूंना कोर्टात उभं करून विचारावं लागेल, हे कोणी सांगितलं. तुमचं नाव निघेल. निघू दे. कोझिमोनं घराला गिऱ्हाईकही बघितलंय. शनिवारी येणार आहे.

मला बहीण नव्हती, असं समजून मी मिलानला जाईन.

नुन्झियाता


शनिवार, २६ जून

प्रिय एर्सी,

हे पुन्हा तोनीनाकडून. मंगळवारी एक पत्र तिकीट लावून टाकलंय. आपल्या टपालखात्याची चाल बघता ते अजून स्टेशनावरच असेल. आलं तर उघडू नकोस. शेगडीत घाल. देवाशपथ सांगते, उघडू नकोस.

काल वकिलानं मला काकू बेनेदेत्ताकडे पाठवलं, जबानीला तयार करायला. बाईमाणूस गेलं तर ती बोलेल म्हणून. मी मनात तुझं नाव घेऊनच जिना चढले. काकू वाटाणे सोलत होती. मी म्हटलं, “काकू, आता वचन सुटलं. निवडणूक झाली. सांग, ते संत घडीत घालायला एर्सीनंच सांगितलं ना?”

“तिनं कशाला? तू सांगितलंस.”

“मी?”

“तुझं पत्र होतं ना! तिनं वाचून दाखवलं. दोनदा. माझे कान असे, म्हणून.” आणि ती म्हातारी डोळे मिटून, रोझरी म्हणावी तशी, म्हणायला लागली, “पेटीत कागद सोडशील तेव्हा घडीत संताला ठेवायला विसरू नकोस. संताशिवाय कागद म्हणजे तिकीट न लावलेलं पत्र, पोचायचं नाही.” मग डोळे उघडून म्हणाली, “तुझी आई खरंच असं म्हणायची गं. मी तिथेच तोंड झाकून रडले.”

“काकू, ते मी चर्चमधल्या पेटीबद्दल लिहिलं होतं. तेरा तारखेच्या.”

“चर्चमध्ये पेटी कुठे होती यंदा? फादरनं उचलली. गावात पेटी एकच उरली होती, शाळेतली.”

मी वाटाण्यांच्या टोपलीपाशी खालीच बसले. काकू बोलतच होती. “एर्सी म्हणाली, रुजेरोला कळलं तर माझं घरात राहणं अवघड होईल, म्हणून कुणाला सांगू नका. आणि नुन्झीलाही नको, ती तोनीनासमोर बोलून जाईल. जिना चढताना धापा टाकायची बिचारी. प्रत्येकीच्या हातात एकेक संत ठेवायची आणि म्हणायची, ‘माझ्या बहिणीचं गाव सुटायला नको, काकू. ती मिलानला गेली तर मी कुणाशी भांडू?’”

एर्सी, मिलानचं मी तुला अकरा तारखेला लिहिलं होतं. तू वाचलंस. सगळी वाचलीस. मला वाटत होतं पत्रं पावाच्या चुऱ्याबरोबर जातात, आणि तू त्यांतला शब्द न् शब्द धरून जिने चढत होतीस. उत्तर येत नाही म्हणून मी झुरत होते. उत्तर बत्तीस घड्यांत घालून तू पेटीत सोडलं होतंस, आणि तो केंद्राचा अध्यक्ष एकेक उघडून बाद करत बसला.

आणि नंतर? गाव तुला चलाख म्हणतंय, रुजेरो तुझ्या चलाखीवर दारू पाजतोय, आमच्या गल्लीत तुझ्या नावानं बायका थुंकतायत. माझ्या हाताचं पत्र तुझ्याकडे आहे. ते एकदा कुणाला दाखवलंस की तू सुटलीस. तू दाखवलं नाहीस. अजूनही हात पुढे करून उभी आहेस, शाई माझ्या वहीवरची.

रात्री जेवण झाल्यावर मी कोझिमोला सांगितलं. पहिल्या पत्रात काय लिहिलं ते शब्द न् शब्द. तो बराच वेळ टेबलावरचे पावाचे तुकडे गोळा करत राहिला. मग म्हणाला, “पेटी. साधं ‘चर्चची पेटी’ लिहिता येत नव्हतं?”

“कॅलेंडरची पाठ लहान होती.”

“एक शब्द वाचवलास, एक तिकीट वाचवलंस, शहर गेलं.” मला वाटलं आता ओरडेल. पण त्याचे खांदे हलायला लागले. निवडणूक लागल्यापासून मी त्याला पहिल्यांदा हसताना पाहिलं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग पाणीच राहिलं, हसू गेलं. डोळे पुसून तो म्हणाला, “बत्तीस म्हाताऱ्या या वयात खाली उतरून माझ्यासाठी गेल्या. आणि त्यांना मी कोर्टात उभं करू?” आज सकाळी त्यानं वकिलाला फोन करून अपील नको म्हणून सांगितलं. दुपारी घर बघायला गिऱ्हाईक आलं, त्याला कॉफी दिली आणि म्हणाला, “बायको विकायला तयार नाही.” मला विचारलं नव्हतं. बरोबर होतं पण.

बेल्फियोरे महापौर झाला, रुजेरो उपमहापौर होईल. होऊ दे. तुला घरी त्रास होऊ नये म्हणून आणखी एक कर. त्याला सांग की पत्र आलं तेव्हा तू ते नीट वाचलं नाहीस, नुसतं काकूंकडे पोचवलंस. खोटं आहे, पण त्याचं पाप माझ्या नावावर टाक, माझ्याकडे आधीच भरलंय.

उद्या दहाच्या मिस्सानंतर, सगळं गाव पायऱ्यांवर उभं असतं तेव्हा, मी मोठ्यानं सांगणार आहे की ते पत्र कोणी लिहिलं आणि कोणत्या पेटीबद्दल. तोनीनाला पुढे उभी करीन, म्हणजे तासाभरात खालच्या आळीपर्यंत पोचेल. ते नंतर. त्याआधी मिस्साला मी उजवीकडे येणार आहे, खांबाआड, तुझ्या बाकावर. तू लहानपणापासून कडेला बसतेस आणि कोणाला आत जाऊ देत नाहीस.

उद्या सरक.

नुन्झी